पूर्वतयारी: बारावीला वळसा घालून जाणारी वाट

पूर्वतयारी शिक्षणक्रम म्हणजे शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढाला विद्यापीठाच्या पदवीपर्यंत नेणारा आखूड अभ्यास. महाराष्ट्रात हा शब्द नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने रूढ केला. आज कोणी 'पूर्वतयारी केली' असे म्हटले की ऐकणाऱ्याला बाकीचे न सांगता कळते: गडी किंवा बाई दहावी-बारावीच्या अलीकडे कुठेतरी थांबली होती आणि मग नोकरी, शेती, संसार सांभाळून बी.ए. नाही तर बी.कॉम.ला बसली. विद्यापीठ १९८९ चे आहे. ज्या गरजेतून हा अभ्यास निघाला ती मात्र त्याहून सव्वाशे वर्षांनी जुनी, मुंबई विद्यापीठाने आपल्या दाराशी प्रवेशपरीक्षा उभी केली तेव्हापासूनची.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. ते स्वतः शिकवत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम संलग्न कॉलेजांचे. पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे पुढची मॅट्रिक, १८५९ साली झाली आणि त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच कॉलेजात न जाणाऱ्यांनाही आपल्या पदवी परीक्षा खुल्या केल्या होत्या. मुंबईने लंडनचा साचा उचलला, पण हा सैलपणा उचलला नाही. इथे पदवी हवी तर कॉलेज हवे, आणि कॉलेज हवे तर मॅट्रिक हवी.

ही परीक्षा केवळ विद्यापीठाची राहिली नाही. कचेरीतली कारकुनी, रेल्वे, पोस्ट, सगळीकडे तिचीच विचारणा होऊ लागली. 'नॉन-मॅट्रिक' हा शब्द मराठीत माणसाची ओळख म्हणून वापरला जाऊ लागला. 'मॅट्रिक नापास' ही तर एका अर्थी पात्रताच ठरली, कारण निदान त्या दारापर्यंत पोचल्याची ती खूण होती. परीक्षेतली इंग्रजी आणि गणित ही दोन अडण्याची ठिकाणे. खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्याला इंग्रजी नव्याने, वाढत्या वयात, बहुधा गाव सोडूनच शिकावी लागे.

त्या काळच्या परीक्षांचा वयाशी संबंध विचित्र होता. धोंडो केशव कर्वे १८७५ साली सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले. तिथे ते सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे इंग्रजी शिकून ते मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. आधी लहान दिसतो म्हणून अडलेला हा विद्यार्थी मॅट्रिकच्या वर्गात वयाने थोराड ठरला. पुढच्या आयुष्यात त्यांनी उशिरा शिकू लागलेल्या बायकांसाठी जे केले त्याची बीजे या अनुभवात शोधण्याचा मोह होतो. तो फारसा चुकीचाही नसावा.

इंग्रजी मॅट्रिकच्या बाजूला मराठी शाळांची स्वतंत्र शिडी होती. तिचे वरचे टोक म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, लोकांच्या तोंडी नुसतीच 'फायनल'. सातवीची ही परीक्षा पास झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राथमिक शिक्षकांचा प्रवास असाच झाला: आधी फायनल, मग नोकरी, मग रात्री कंदिलाशी बसून बाहेरून मॅट्रिक, आणि चिकाटी टिकली तर केसांत रुपेरी झाक येता येता बी.ए. कवी नारायण सुर्वे यांचे उदाहरण या शिडीच्या खालच्या पायरीचे. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले सुर्वे शाळेत शिपाई होते. मोठेपणी सातवी पास होऊन ते मुंबईतच प्राथमिक शिक्षक झाले. त्यांच्या कविता पुढे विद्यापीठात अभ्यासाला लागल्या, तरी त्यांना स्वतःला विद्यापीठाकडे नेणारी सोय त्या काळी नव्हती.

प्रौढांना शिकवण्याची खटपट त्याआधीच सुरू झाली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. तिचा हेतू लिहिता-वाचता येणे हा होता. विद्यापीठ तोवर जन्मलेही नव्हते. मुंबईत गिरण्या वाढल्या तशा रात्रशाळा वाढल्या. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालवली. पुढे शहरात रात्रीची हायस्कुले उभी राहिली आणि त्यांचे लक्ष्य साक्षरता नव्हते, मॅट्रिक होते. दिवसाच्या शाळेची इमारत संध्याकाळी उसनी घ्यायची, दुसऱ्याच्या बाकावर बसायचे, पाळी संपवून आलेल्याचे डोळे मिटू लागले तर मास्तरांनी फार रागवायचे नाही, अशी त्यांची रीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा सकाळी लवकरचे वर्ग ठेवले ते याच नोकरदार वर्गासाठी. तास उरकून माणूस कचेरीत वेळेवर पोचू शकेल, हा हिशेब वेळापत्रकातच होता.

या सगळ्या प्रयत्नांत एक गोष्ट सारखी आहे. रात्रशाळा असो की सकाळचे कॉलेज, त्यांनी वेळ बदलली, जागा बदलली. परीक्षा बदलली नाही. प्रौढाला त्याच दरवाजाशी, त्याच प्रश्नपत्रिकेशी आणून सोडले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी रचलेला अभ्यास तीस वर्षांच्या कामगाराने तसाच गिळावा अशी अपेक्षा होती.

बायकांच्या बाबतीत अडचण आणखी निराळी होती. बालविवाह आणि वैधव्य यांमुळे त्यांची शाळा सुटण्याचे वयच मुळी शाळेत जाण्याचे वय होते. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि तो हिंगण्याला हलवला. तिथे येणाऱ्यांत अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या बायका असत. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले अशाच मोठेपणी शिकल्या, आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या, आणि चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी घरकामाच्या नोकऱ्या करून दिवस काढले. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ मध्ये सुरू केलेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांचे वर्ग भरत. वाचन-लेखनापासून सुरुवात करून शिक्षिका किंवा परिचारिका होण्यापर्यंतचा रस्ता तिथे एकाच छपराखाली होता.

कर्वे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढून आणखी पुढे गेले. या विद्यापीठात शिकवण्याची भाषा मातृभाषा होती आणि इंग्रजी हा एक विषय होता. शिवाय विद्यापीठ स्वतःची प्रवेशपरीक्षा घेई. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सरकारी मान्यता मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये मिळाली. मधल्या पस्तीस वर्षांत तिथल्या पदव्यांकडे 'बायकांची पदवी' म्हणून पाहणारे पुष्कळ होते. दार निराळे केले की त्या दाराने आलेल्याच्या पदवीवर शंका घेतली जाते, हा अनुभव नाशिकच्या विद्यापीठाला पुढे आला. पुण्याला तो आधीच येऊन गेला होता.

मद्रासकडे दुर्गाबाईंनी, पुढच्या दुर्गाबाई देशमुखांनी, वेगळी रीत बसवली. आठव्या वर्षी लग्न झालेल्या, पुढे ते नाते मोडून स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या दुर्गाबाईंनी सुटकेनंतर बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक दिली, मग पदवी घेतली आणि १९४२ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. स्वतः केलेला अभ्यास त्यांनी इतर मुलींना शिकवायला घेतला. त्यातून १९३७ मध्ये आंध्र महिला सभा उभी राहिली, आणि बनारसच्या मॅट्रिकसाठी मुलींची तयारी करून घेणे हे तिचे सुरुवातीचे मुख्य काम होते. चिंतामणराव देशमुखांशी विवाह होऊन त्या दुर्गाबाई देशमुख झाल्या ते वर्ष १९५३. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष होत्या. मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी 'कंडेन्स्ड कोर्स' सुरू केले. शाळेची कित्येक वर्षे दोनेक वर्षांत आटोपून बाईला मॅट्रिकला बसवायचे आणि त्यासाठी स्थानिक संस्थांना अनुदान द्यायचे, अशी ही योजना. पंचवार्षिक योजनांना ग्रामसेविका, बालवाडी शिक्षिका, परिचारिका हव्या होत्या आणि त्या जागांना मॅट्रिक लागे. परोपकाराइतकीच मनुष्यबळाची निकडही तिच्यामागे होती, म्हणूनच ती तग धरून राहिली.

कंडेन्स्ड कोर्सचे वैशिष्ट्य असे की त्याने प्रौढ विद्यार्थी वेगळा असतो हे मान्य केले. मोठ्या माणसाला बाजारहाट, व्यवहारी अपूर्णांक, माणसांची पारख आधीच येत असते. त्याला शाळेची सगळी वर्षे एकेक करून चढायला लावण्यात अर्थ नाही. पण शेवटी दरवाजा मॅट्रिकचाच राहिला.

साताऱ्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि ती राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले. सही करू लागलेला शेतकरी आणि विद्यापीठ यांच्यामध्ये मात्र केवढे तरी मोकळे रान पडले होते आणि ते ओलांडून देणारे कोणी नव्हते. विद्यापीठांच्या बाजूने हालचाल झाली ती पत्रद्वारा शिक्षणाची. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये असा विभाग काढला, कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ च्या काळात या मार्गाची शिफारस केली, आणि मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा अभ्यासक्रम १९७१ मध्ये सुरू झाले. टपालाने धडे घरी येऊ लागले. कॉलेजात हजर राहण्याची अट गेली. प्रवेशाची अट जशीच्या तशी राहिली.

उलट ती वाढली. सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि अकरावीची जुनी मॅट्रिक संपली. विद्यापीठाचा उंबरठा बारावीवर गेला. जुन्या अकरावीला थांबलेले हजारो लोक एका फटकाऱ्यात मागे पडले: त्यांच्या काळी कॉलेजच्या दारात उभे करणारे प्रमाणपत्र आता धड दहावीत बसेना, धड बारावीत. 'जुनी मॅट्रिक आजच्या ग्रॅज्युएटच्या तोडीची' हे वाक्य घराघरांत ऐकू येई, आणि त्यातला अभिमान कितीही खरा असला तरी कॉलेजच्या खिडकीवर त्याचा उपयोग नव्हता.

मुक्त विद्यापीठाची कल्पना ब्रिटनमधून आली. तिथल्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले. प्रवेशासाठी कोणतीही पूर्वपात्रता नको, हा तिचा मूळ नियम. पण शाळा सोडून वीस वर्षे झालेला माणूस थेट विद्यापीठाच्या पुस्तकासमोर बसला तर गोंधळतो, हेही लगेच ध्यानात आले. म्हणून पहिल्या वर्षाचे पायाभूत अभ्यासक्रम रुंद व सोपे ठेवले गेले. मायकेल यंग यांनी स्थापलेल्या नॅशनल एक्स्टेन्शन कॉलेजने तर इच्छुकांसाठी आधीच टपालाने तयारीचे पाठ सुरू केले होते. 'पूर्वतयारी' या कल्पनेचे जवळचे नाते या पाठांशी आहे.

भारतात पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात झाले. तिथे इंटरमीजिएट नसलेल्या प्रौढांसाठी पात्रता चाचणी ठेवली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८५ च्या नियमांत याच धोरणाला देशपातळीवर जागा दिली: दूरशिक्षणातून पहिली पदवी घ्यायची तर बारा वर्षांचे शालेय शिक्षण हवे, पण मागचे काहीच शिक्षण कागदावर नसेल तर विद्यापीठाची प्रवेश चाचणी उत्तीर्ण झालेल्या आणि एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला प्रवेश देता येईल. हे एक पोटकलम म्हणजे पूर्वतयारीचा कायदेशीर पाया. त्यात शब्द 'चाचणी' असा होता. चाचणी माणूस निवडते, त्याला तयार करत नाही. सुतारकाम करणारा, दहावीला गणितात राहिलेला उमेदवार चाचणीत नापास झाला तर तो जिथे होता तिथेच राहतो.

महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिकला स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेले राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद ठरले, आणि गंगापूर धरणाच्या वाटेवर मुख्यालय उभे राहिले. या विद्यापीठाने मराठी शब्दांची स्वतःची घडण केली. एका पदवीच्या किंवा पदविकेच्या समग्र आखणीला 'शिक्षणक्रम' आणि त्यातल्या एकेका विषयाला 'अभ्यासक्रम' हा भेद तिथलाच. बाहेरच्यांना तो अजूनही घोटाळ्यात टाकतो. 'संपर्कसत्र', 'अभ्यासकेंद्र', 'केंद्रसंयोजक', 'स्वयंअध्ययन' हे शब्दही त्याच टांकसाळीतले.

पूर्वतयारी शिक्षणक्रम या आखणीत बसवला गेला तो चाचणीच्या जागी शिक्षण ठेवून. स्थिरावलेल्या नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या कोणालाही तो घेता येतो. शाळा सोडल्याचा दाखला चौथीचा आहे की नववीचा याला महत्त्व नाही. मुदत सहा महिन्यांची. प्रवेश घेतला की पुस्तके मिळतात, जवळच्या अभ्यासकेंद्रावर, बहुधा गावच्या कॉलेजात, सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे होतात, आणि शेवटी परीक्षा. ती उत्तीर्ण झाली की बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचे दार उघडते. विज्ञानाकडे हा रस्ता जात नाही. प्रयोगशाळेची आणि अकरावी-बारावीच्या गणिताची तूट सहा महिन्यांत भरून निघत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

पुस्तकांची घडण निराळी आहे आणि खरा बदल तिथे दिसतो. शाळेचे पाठ्यपुस्तक शिक्षक गृहीत धरून लिहिलेले असते. इथले पुस्तक एकट्याने, रात्री जेवणे झाल्यावर, मध्येच उठावे लागेल हे धरून लिहिलेले. सुरुवातीला या घटकातून काय कळेल ते सांगायचे, मजकूर लहान तुकड्यांत द्यायचा, मध्येच प्रश्न विचारून थांबवायचे, उत्तरे शेवटी द्यायची. रात्रशाळेचा प्रश्न होता तो 'राहिलेला अभ्यास कसा भरून काढायचा'. पूर्वतयारीने तो बदलून 'हा माणूस स्वतः वाचून शिकू शकेल का' असा केला. बारावीच्या सगळ्या विषयांची बरोबरी सहा महिन्यांत होते असा दावा विद्यापीठाने केला नाही, आणि टीकाकारांनी नेमका तोच दावा त्याच्या तोंडी घातला.

वर्गात येणारे लोक नाना प्रकारचे. एस.टी.चे वाहक, पोलीस हवालदार, निवृत्त सैनिक, अंगणवाडी सेविका, सूतगिरणीतले कामगार, ग्रामपंचायतीचे सदस्य. मुलगी दहावीला असताना स्वतः पूर्वतयारीला बसलेल्या आया. नोकरीतल्या बढतीसाठी पदवी हवी असणे हे सर्वांत सामान्य कारण. निवडणुकीच्या राजकारणातल्या लोकांनाही या विद्यापीठाचा ओढा आहे: शिक्षण लवकर सुटलेल्या एकनाथ शिंदे यांनी मंत्री असताना इथूनच बी.ए. पूर्ण केली. मात्र ज्यांना बढती नको आणि निवडणूकही नको, केवळ 'ते राहून गेलं होतं' म्हणून जे येतात, त्यांच्यासाठी संपर्कसत्राचा रविवार काही निराळाच असतो.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही चाचणीकडून शिक्षणाकडे असाच प्रवास केला. त्याचा बॅचलर प्रिपरेटरी प्रोग्रॅम सहा महिन्यांचा. सामाजिक शास्त्रे, वाणिज्य आणि सामान्य गणित यांपैकी दोन विषय निवडायचे. तो हिंदी-इंग्रजीत असल्याने महाराष्ट्रातल्या खेड्यांत नाशिकची मराठी पूर्वतयारीच अधिक जवळची वाटली.

अडचण पदवी हातात आल्यावर सुरू होते. पूर्वतयारी ही बारावीशी समकक्ष नाही, हे दोन्ही विद्यापीठे स्पष्ट सांगतात. ती फक्त त्या त्या विद्यापीठाच्या पदवीकडे जाण्याची परवानगी आहे. ज्या जागेला नुसती 'पदवीधर' एवढीच अट आहे तिथे ही पदवी चालते. 'दहावी, बारावी व पदवी' असा क्रम लिहिला असेल तिथे मधली पायरी रिकामी दिसते. डी.एड.ला बारावीच लागते. वकिलीचे दार भारतीय बार कौन्सिलने २००८ च्या नियमांत बंद केले: पायाभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्यांना कायद्याच्या अभ्यासाला प्रवेश नाही. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात मूळ पदवीशिवाय मुक्त पद्धतीने मिळवलेली एम.ए. ग्राह्य धरली नाही आणि दूरशिक्षणालाही अनुदान आयोगाचे किमान निकष पाळावेच लागतात असे सांगितले. ते प्रकरण पूर्वतयारीचे नव्हते. कार्यालयांतल्या आस्थापना शाखांनी मात्र 'मुक्त विद्यापीठ' एवढे दोनच शब्द वाचले आणि पूर्वतयारीवाल्यांच्या फायलींवरही शेरे पडू लागले.

म्हणून बारावीला वळसा घालून गेलेल्या काहींना फिरून बारावीकडे यावे लागते. त्यासाठीची जुनी सोय म्हणजे राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. तो भरून खाजगी विद्यार्थी म्हणून कोणत्याही वयात बाहेरून परीक्षेला बसता येते, आणि शाळा-कॉलेजच्या कारकुनाला नुसते 'सतरा नंबर' म्हटले तरी पुरते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्याय त्याच्या जोडीला आहे. अलीकडे महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेते. पदवीचे प्रमाणपत्र पिशवीत असलेला चाळिशीचा परीक्षार्थी फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या हॉलमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसतो, आणि पर्यवेक्षक त्याला आधी पालक समजून बाहेर थांबायला सांगतो.